लाप काय, म्हणजे नक्की काय?

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी ओट्यापाशीच होतो. "आज काय केलंस?" "लाप काय." "अरे तेच विचारतेय, लाप म्हणजे काय काय?" पुढची दोन मिनिटं असाच गोंधळ. शेवटी सांगितलं, की थाई भाषेत कोंबडीला 'काय' म्हणतात आणि लाप हा खिम्याचा सॅलड आहे. खिम्याचा सॅलड म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

बँकॉकला येऊन चार वर्षं झाली. थाई सॅलड म्हटलं की सगळ्यांना सोम तम आठवतं, म्हणजे कच्च्या पपईचं. मलाही आवडतं, पण रात्रीचं जेवण म्हणून ते पुरत नाही. तासाभरात मी पुन्हा फ्रीज उघडून उभा. शिवाय शहरातल्या गाड्यांवर त्यात साखर सढळ हाताने पडते. लाप मात्र हलका आणि पोटभरीचा. तेलाचा थेंब नाही, साखर नाही. हा पदार्थ ईशान्य थायलंडचा, म्हणजे इसान भागाचा, आणि मेकाँगपलीकडच्या लाओसचा. तिकडे लग्नकार्यात, सणासुदीला तो हवाच, कारण थाई भाषेत नशीब, धनलाभ यासाठी जो शब्द आहे त्याचा उच्चारही 'लाप'च. तो आला आपल्या 'लाभ'वरून. लिहायला वेगळा, ऐकायला एकच. शुभ-लाभवाल्या माणसाने हा पदार्थ न करून कसं चालेल?

पहिला प्रयत्न साफ फसला. हात सवयीने तेलाच्या बाटलीकडे गेला, लसूण परतली, खिमा त्यात टाकला. वर भाजलेल्या तांदळाची पूड घालतात असं वाचलं होतं, म्हणून मिक्सरमध्ये तांदूळ पिठासारखे बारीक करून घातले. दहा मिनिटांत ताटात कोंबडीचं पिठलं तयार. ते आम्ही पावाबरोबर संपवलं, पण त्याला लाप म्हणणं म्हणजे इसानचा अपमान.

मग शेजारच्या पामावशींनी मला हाताखाली घेतलं. इथे आईबापांपेक्षा वयाने मोठ्या बाईला 'पा' म्हणतात, मावशी मी जोडलं. त्या मूळच्या खोन केनच्या, म्हणजे थेट इसानच्या. त्यांनी आधी मिक्सर बाजूला सरकवला आणि दोन मुठी चिकट तांदूळ कोरड्या कढईत टाकले. तेल नाही, पाणी नाही, आच मंद. पाच मिनिटांत तांदूळ पांढरेफटक झाले. मग कडा पिवळसर दिसायला लागल्या, मी गॅस बंद करायला गेलो. "यांग," त्या म्हणाल्या. अजून नाही. आणखी दोनदा "यांग" झालं. हात सतत हलता हवा, नाहीतर खालचे जळतात आणि वरचे कच्चे राहतात. पंधराएक मिनिटांनी तांदूळ मधाच्या रंगावर आले, आणि घरात वास सुटला तो थेट भाजणीचा! दिवाळीआधी आमच्या घरी सुटायचा तोच. गार झाल्यावर खलबत्त्यात कुटायचे, जाडसर, रव्याहून थोडे भरड. दाताखाली बारीक कुरकुर लागली पाहिजे. हा 'खाओ ख्वा'. लापाचा जीव यातच आहे. बाकी सगळं कमीजास्त चालतं, हे नाही.

पुढचं काम दहा मिनिटांचं. दोघांसाठी 300 ग्रॅम कोंबडीच्या छातीचा खिमा घ्यायचा. तयार खिमा आणण्यापेक्षा घरी सुरीने बारीक चिरलेला सरस लागतो. कढईत पाव वाटी पाणी उकळायचं, खिमा टाकून गुठळ्या मोडत हलवायचं. रंग पूर्ण बदलला, गुलाबी काही दिसेनासं झालं की गॅस बंद. (कच्च्या मांसाचाही लाप असतो, 'लाप दिप'. इतका धीट मी नाही.) कढईतला रस्सा थोडा राहू द्यायचा, खाओ ख्वा तो पिऊन घेतो.

आता खरी गोष्ट. लिंबू गॅसवर पिळायचं नाही. खिमा खाली उतरवून कोमट झाला की दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दीड चमचा नाम प्ला, चमचाभर भरड लाल तिखट, एक मोठा चमचा खाओ ख्वा. मग चार छोटे लाल कांदे पातळ चिरून, कांद्याची पात, आणि मूठभर पुदिना, पानं अख्खी. शिवाय 'फाक ची फारांग', लांबट कातरलेल्या पानांची कोथिंबीर. फारांग म्हणजे आपला फिरंगी! गंमत म्हणजे पेरूलाही इथे फारांगच म्हणतात. ही फिरंगी कोथिंबीर नसेल तर आपली साधी चालते.

नाम प्ला म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. बाटली उघडल्यावर येणाऱ्या वासाला घाबरायचं कारण नाही, सुकट-जवळा खाणाऱ्यांनी तर नाहीच. पण पौष्टिक-पौष्टिक करताना एक गोष्ट लपवणं बरं नाही. कोंबडीच्या छातीत 100 ग्रॅममागे 22-23 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे माणशी तीसच्या वर सहज जातात, तो भाग झकास. पण नाम प्लाच्या एका मोठ्या चमच्यात तीन ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. म्हणून वरून मीठ अजिबात नाही, आणि कमी वाटलं तर आधी लिंबू वाढवून बघतो. बहुतेक वेळा कमतरता आंबटाचीच असते.

इसानमध्ये लाप चिकट भाताच्या मुटक्याबरोबर हाताने खातात. मी रात्री भात टाळतो, कोबीच्या कच्च्या पानात भरून खातो. सोबत काकडी, चवळीच्या लांब शेंगा कच्च्याच.

बायको शाकाहारी आहे. शाकाहाराला थाईत 'मांग साविरात' म्हणतात, जरा कान देऊन ऐका, 'मांसविरती' ऐकू येईल. पण बाहेर नुसतं तेवढं सांगून भागत नाही, नाम प्ला घालू नका असं वेगळं सांगावं लागतं. दुसरा शब्द 'जे', पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला. तिथे मासळीचं पाणी नाही, पण कांदा-लसूणही नाही. तिच्यासाठी घरी घट्ट टोफू हाताने कुस्करून, अळंबी चिरून, सोया सॉसवर लाप होतो. टोफूत प्रथिनं कोंबडीहून कमी, म्हणून टोफू जास्त घेतो आणि वर भाजलेले शेंगदाणे टाकतो. शेंगदाणे बघून पामावशींनी भुवया उंचावल्या, पण वाटी रिकामी करून गेल्या.

खाओ ख्वा मी एकदम महिन्याचा करून बरणीत ठेवतो. खरं तर आठवड्याभरात वास उतरतो, पण रोज कोण कढई हलवणार. पुढच्या महिन्यात आई येतेय. बरणीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवायला हवं, नाहीतर भाजणी समजून थालीपीठं थापेल.