एफ२ दाबल्यानंतर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे अनिष्टाचे प्रतीक मानलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. महाल आणि इतवारीच्या गल्ल्यांतून काळी व पिवळी मारबत आणि त्यांच्या सोबतीने बडगे (चालू विषयांवरचे पुतळे) जात असताना मी गेली काही वर्षे सकाळपासून कॅमेरा घेऊन तेथे उभा असतो. घरी येतो तेव्हा कार्डावर चारशे-पाचशे छायाचित्रे असतात. प्रत्येकाचे नाव म्हणजे कॅमेऱ्याने दिलेली काही अक्षरे आणि चार आकडी क्रमांक. हा क्रमांक ९९९९ पर्यंत गेला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या वर्षांच्या छायाचित्रांना एकच नाव मिळण्याचा धोका खराच असतो. म्हणूनच छायाचित्रे उतरवून घेतल्यावर आधी नावे बदलायची आणि मगच निवड करायला बसायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

लिनक्स या संगणक-प्रणालीवर फाइलचे नाव बदलण्यासाठी एफ२ ही कळ आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. नॉटिलस, डॉल्फिन, थुनार, नेमो, काहा अशा सर्व परिचित फाइल मॅनेजरांत, म्हणजे फाइली पाहण्या-हाताळण्याच्या प्रोग्रामांत, ती चालते. काही लॅपटॉपवर मात्र एफ२ दाबले की पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होतो. तेथे फंक्शन कळ धरून एफ२ दाबावे लागते. माझे सांगणे याच्या पुढचे आहे. एफ२ नंतर हात माउसकडे गेला, तर त्या शॉर्टकटचा अर्धा लाभ वाया जातो.

एफ२ दाबल्यावर केवळ नाव निवडले जाते, शेवटचे एक्स्टेन्शन निवडीबाहेर राहते. म्हणून लगेच टाइप करायला लागले तरी ‘.जेपीजी’ शाबूत राहते. एक्स्टेन्शनसह सगळे बदलायचे असेल तर कंट्रोल-ए, नावाच्या आरंभी जायचे असेल तर होम, मागचा एक शब्द पुसायचा असेल तर कंट्रोल-बॅकस्पेस. एंटरने नाव पक्के होते, एस्केपने जुने नाव कायम राहते. डॉल्फिनमध्ये नाव जागेवरच बदलण्याची सोय चालू असेल, तर एंटरऐवजी टॅब दाबावे: हे नाव पक्के होते आणि पुढच्या फाइलचे नाव बदलण्यासाठी उघडते. वीस-पंचवीस बडग्यांना त्यांच्या विषयाप्रमाणे वेगवेगळी नावे द्यायची असताना या एका टॅबने माझे जितके काम हलके केले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही कळीने केलेले नाही.

चारशे फाइलींना मात्र एकेक करून नाव देणे शहाणपणाचे नाही. कंट्रोल-ए ने सर्व फाइली निवडून मग एफ२ दाबले, तर तीच कळ निराळे काम करते. नॉटिलसमध्ये एकत्रित नामांतराची खिडकी उघडते. ही सोय ग्नोमच्या (नॉटिलस ज्या डेस्कटॉपचा भाग आहे त्याच्या) ३.२२ या २०१६ सालच्या आवृत्तीपासून आहे. तेथे ठरावीक मजकूर, मूळ नाव आणि चढते क्रमांक यांचा साचा तयार करता येतो, किंवा नावातला एखादा तुकडा शोधून बदलता येतो. दोन फाइलींची नावे सारखी होणार असतील, तर ती खिडकी तसे दाखवते आणि पुढे जाऊ देत नाही. डॉल्फिनमध्ये नावात जितकी ‘#’ चिन्हे लिहावीत तितक्या आकड्यांचा क्रमांक मिळतो. तीन चिन्हे लिहिली की ००१, ००२ असा. लिनक्स मिंटच्या नेमोमध्ये हेच काम बल्की हे छोटे साधन करते. थुनारचे एकत्रित नामांतर मला या सर्वांत अधिक समर्थ वाटते, कारण त्यात शोधून बदलण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगणारी सूत्रे) वापरता येतात आणि जुने व नवे नाव शेजारी-शेजारी दिसते.

नवे नाव आधी डोळ्यांनी पाहण्याला मी इतके महत्त्व का देतो, याला कारण आहे. एका वर्षी घाईत मी टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) नाव बदलणाऱ्या ‘एमव्ही’ आज्ञेचे एक आवर्तन लिहिले, क्रमांक वाढवायला विसरलो, आणि चाळीसहून अधिक छायाचित्रे एकाच नावावर एकमेकांना पुसत गेली. ‘एमव्ही’ला ‘-आय’ हा पर्याय दिला असता, तर तिने प्रत्येक वेळी विचारले असते. फाइल मॅनेजरमध्ये असे मुकाट्याने पुसणे होत नाही, आणि नाव चुकलेच तर कंट्रोल-झेडने ते मागे घेता येते. थुनारमध्ये ही सोय ४.१८ या आवृत्तीपासून आली आहे.

आता नावांच्या भाषेविषयी. मी नावे मराठीत देतो: ‘२०२३-०९-१५-पिवळी-मारबत-००१’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाप्रमाणे लावले तरी क्रम काळाचाच राहतो. अंक येथे देवनागरीत लिहिले असले, तरी फाइलींत मी ते इंग्रजीच ठेवतो, कारण ही साधने क्रमांक इंग्रजी अंकांतच घालतात आणि दोन लिप्यांचे अंक मिसळले की क्रम बिघडतो. ग्नोममध्ये सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस एकत्र दाबून कीबोर्ड मराठीत नेता येतो, म्हणजे येथेही माउस लागत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल पद्धतीत (डिस्कवर फाइली साठवण्याच्या रीतीत) नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘नागपूर’ हा शब्द सहा चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटांचा होतो. एकूण ८५ चिन्हे मावतात. त्यांत तारीख, जागा आणि विषय सहज बसतो, पूर्ण वाक्य लिहिण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. वेळ लिहिताना अपूर्णविराम-चिन्ह (:) मी टाळतो, कारण पेन ड्राइव्ह बहुधा ज्या पद्धतीचा असतो, तिला ते चिन्ह चालत नाही आणि फाइल उतरत नाही.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: एक स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, दुसरा साध्या ‘र्’ पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु लिनक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे असतात. त्यामुळे हुबेहूब सारख्या नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात आणि शोधताना त्यांतली एकच सापडते. मित्राने दुसऱ्या कीबोर्ड मांडणीवर नावे दिलेली छायाचित्रे माझ्या संग्रहात आली, तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. त्यानंतर बाहेरून आलेले प्रत्येक फोल्डर मी आधी थुनारच्या एकत्रित नामांतरात उघडतो, शोधण्याच्या चौकटीत ते दुसरे रूप चिकटवतो आणि बदलण्याच्या चौकटीत माझ्या कीबोर्डवरचा ‘ऱ्य’ टाइप करतो.