दगडूनंतरचं घर

सोमवार, रात्री

शवविच्छेदनाचा अहवाल आज आला. दगडूला, आमच्या कासवाला, हर्पिस होता. माणसाच्या ओठांवर उठतो त्याच कुळातला, पण हा विषाणू कासवांचा, माणसाला होत नाही. त्याच्या जिभेवर साचलेला पिवळसर थर, तोंडातून गळणारी लाळ, पानाला तोंड लावून तसंच थांबणं, सगळ्याचा उलगडा झाला. तो आमच्याकडे आला तेव्हाच पोक्त होता, आधीच्या घरी इतर कासवांबरोबर राहिलेला. विषाणू तिथेच कधीतरी शिरला असणार, असं डॉक्टर म्हणाले. तो अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि एखादा ताण पडला, विशेषतः शीतनिद्रेतून उठताना, की उचल खातो.

कासव गेलं आहे हे ठरवणंसुद्धा सोपं नसतं. हृदय इतकं मंद चालतं की हाताला काही लागत नाही. डॉक्टरांनी डॉप्लर, म्हणजे ठोके ऐकवणारं यंत्र, लावून बराच वेळ ऐकलं आणि मगच सांगितलं. तपासणी करायची असेल तर देह फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही, हेही तेव्हाच सांगितलं. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही हाती लागत नाही. त्या दिवशी असल्या गोष्टी ऐकायला जीव धजत नव्हता. आज वाटतं, बरं झालं ऐकल्या. कारण कळलं नसतं, तर पुढचं कासव मी त्याच मातीत सोडलं असतं.

बुधवार

बाबांनी विचारलं, "आता दुसरं आणतेस का?" मी म्हटलं, आणायचं आहे, पण इतक्यात नाही. त्यांनी फक्त मान हलवली. दगडू सगळ्यात जास्त त्यांच्याच पायाशी बसायचा.

दिवसभर साफसफाई. माती सगळी काढून पिशव्यांत बंद केली. लाकडी लपणघर आणि ओंडके टाकून दिले, कारण लाकडाच्या भेगांतलं काही नीट धुतलं जात नाही. दगड, पाण्याची पसरट थाळी आणि दिव्याचं शेड आधी साबणाने घासून मग जंतुनाशकात ठेवलं. हा क्रम महत्त्वाचा: मळ असेल तर जंतुनाशक त्या मळातच खर्ची पडतं. कासवांच्या पोटातल्या जंतांची अंडीही मातीत बराच काळ टिकतात, त्यामुळे हर्पिस नसता तरी माती बदलावीच लागली असती. हात कोपरापर्यंत धुतले. ती सवय साल्मोनेलामुळे घरात सगळ्यांनाच आहे. तो जंतू अगदी ठणठणीत कासवाच्या अंगावरही असू शकतो.

शनिवार

नवं घर उभं राहिलं, आठ फूट बाय चार फूट, वरून उघडं. काचेची टाकी मुद्दामच घेतली नाही. कासवाला काच समजत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर तिच्यावर धडका देत राहतं, आणि आत हवाही खेळत नाही. तळाला माती आणि वाळूचं मिश्रण, अंग पूर्ण पुरून घेता येईल इतकं खोल. भिंती अपारदर्शक आणि उंच, कारण कासव चढू शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कोपऱ्यातून वर जाताना पाहिलेलं नसतं. उताणं पडून दिव्याखाली अडकलं तर जिवावर बेततं, म्हणून दिव्याखालची जागा सपाट ठेवली आहे.

एका टोकाला ऊन खाण्यासाठी सपाट दगड, त्यावर उष्णतेचा दिवा. दगडाच्या पृष्ठभागाचं तापमान ३२ ते ३५ अंश हवं. दुसरं टोक विशीच्या थोडं वर. कासव स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जाऊन ती मिळवतं. त्यामुळे सगळीकडे सारखं छान तापमान ठेवलं, तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

आता यूव्हीबीबद्दल, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांबद्दल, कारण घरात ठेवलेल्या कासवांचे सगळ्यात जास्त हाल याच्यावाचून होताना मी पाहिले आहेत. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या किरणांनी कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर कितीही कॅल्शियम खाऊ घाला, अंगी लागत नाही. मग कवच मऊ पडतं, जबडा वाकतो, पाय अंग पेलत नाहीत. खिडकीतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, काच हे किरण अडवते. दिव्याखाली लावलेली बारीक जाळीही बराच भाग खाते. आणि यूव्हीबी दिव्याची नळी डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिच्यातलं यूव्हीबी महिन्यागणिक घटत जातं, म्हणून तिच्यावर बसवल्याची तारीख मार्करने लिहायची. मी लिहिली.

घर रिकामं आहे आणि सगळं चालू आहे. टाइमर, थर्मोस्टॅट, दोन्ही टोकांना तापमापक, आर्द्रतामापक. दिवस आणि रात्र दोन्हींचे आकडे वहीत उतरवते आहे. जिवंत प्राणी आत असताना दुरुस्त्या करत बसायच्या नाहीत, एवढं पक्कं ठरवलं आहे.

मंगळवार

कोणतं कासव, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

भारतीय तारांकित कासव किती देखणं दिसतं हे मला माहीत आहे. पण बेकायदा व्यापाराने त्याला इतकं पोखरलं आहे की २०१९ मध्ये ते साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात गेलं. भारतात तर ते घरी ठेवणं गुन्हाच आहे. त्याचा विचार मनात आणायचाच नाही. आफ्रिकेचं सल्काटा पिल्लू तळहातावर मावतं आणि मग वाढतच राहतं, मोठं झाल्यावर वजनात माणसाला मागे टाकू शकतं. इतकी माझी जागा नाही, ताकदही नाही. हॉर्सफिल्ड जातीची अनेक कासवं थेट रानातून पकडलेली असतात, प्रवासात सुकलेली आणि जंतांनी भरलेली. विकणाऱ्याकडे जन्माचे कागद नसतील तर ते मला नको. दगडू हरमन जातीचा होता. त्या जातीचं खाणंपिणं आणि तिचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून पाळलेल्या कासवांच्या प्रजननातून जन्मलेलं हरमनचं पिल्लू आणावं असं मनाशी जवळपास ठरवलं होतं.

पिल्लासाठी माती जास्त दमट ठेवावी लागली असती. कवचावर उंचवटे येतात त्याचा दोष पूर्वी प्रथिनांना दिला जायचा. २००३ मध्ये वीझनर आणि इबेन यांनी सल्काटाच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा वाटा त्याहून कितीतरी मोठा निघाला. तेव्हापासून जाणकार पाण्याकडे फार लक्ष देतात. हे सगळं वहीत लिहून तयार होतं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही साफसफाई चांगलीच केली आहे. पण हरमनला हा विषाणू सगळ्यात जड जातो. जे पिल्लू त्याला कधी सामोरं गेलेलं नाही, ते याच घरात आणायचं का, याचा विचार करा." मग त्यांनी अशा कासवांबद्दल सांगितलं जी या आजारातून वाचली आहेत. ती आयुष्यभर वाहक मानली जातात, म्हणून त्यांना दुसऱ्या कोणत्याही कासवाजवळ ठेवता येत नाही. निवारा केंद्रांना त्यांच्यासाठी घर मिळणं कठीण जातं, कारण कासव पाळणाऱ्यांकडे बहुधा आधीच एखादं असतं.

माझ्याकडे नाही.

गुरुवार

रात्रभर हेच डोक्यात होतं. आतापर्यंत मला कोणतं हवं याचाच विचार चालला होता. या घरात कोणतं कासव सुरक्षित राहील आणि कोणाला या घराचा उपयोग होईल, असं उलटं विचारलं तर उत्तर समोरच आहे. कासवं मुळात एकटी राहणारी. दोन आणली की बऱ्याचदा एक दुसऱ्याला चावतं, त्याला उन्हाच्या जागेवरून हुसकतं. एकटेपणाची कीव माणसालाच येते.

केंद्राला फोन केला. एक ग्रीक कासव आहे, मादी. याच विषाणूच्या प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे विषाणू अंगात शिरलेला, पण खाते-पिते, कवच घट्ट. मायक्रोचिप आणि कायदेशीर कागद आहेत. फोनवरच्या ताईंनी मला खूप प्रश्न विचारले: रात्रीचं तापमान किती, आजारी पडली तर डॉक्टर कोण, शीतनिद्रेत तापमान ५ अंशांच्या आसपास कसं राखणार. मला त्या प्रश्नांचं बरं वाटलं. न विचारता देणाऱ्याकडून मी घेतलंच नसतं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्यानंतर कोण?"

ही मादी अजून पन्नास वर्षं जगू शकते. मी तेवढी जगेन असं धरून चालता येणार नाही.

रविवार

भाचीशी बोलले. तिला गोड वाटावं म्हणून काहीही लपवलं नाही: दरवर्षी नळी बदलायची, विष्ठेची तपासणी, फळं द्यायची नाहीत, तंतुमय रानपाला शोधत हिंडायचं, आणि दुसरं कासव कधीही आणायचं नाही, कोणी फुकट दिलं तरी. नाक वाहू लागलं किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, वाट बघायला वेळ नसतो. तिने दोन दिवस मागून घेतले आणि आज हो म्हणाली. लगेच हो म्हणाली असती तर मला तितका भरवसा वाटला नसता. आम्ही दोघींनी मिळून कागद लिहिला, त्यात वाहक असल्याची नोंद सगळ्यात वर, ठळक.

वहीतल्या आकड्यांत एकच गोष्ट खटकते आहे. पहाटे थंड टोक अपेक्षेपेक्षा खाली जातं. सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडला आहे, आता पुन्हा काही रात्री मोजणार. आकडे स्थिर झाले की केंद्राला कळवीन. तोवर ती तिथे नीट आहे. बाबा मात्र रोज विचारतात, नाव काय ठेवायचं. मी म्हटलं, केंद्रात तिला ज्या नावाने हाक मारतात तेच राहू दे.