‘चालेल’ म्हणजे नेमकं किती?

आमच्या कारखान्यात बहुतेक मीटिंगा एकाच शब्दावर उठतात: ‘चालेल’. गेल्या महिन्यात स्क्रू कॉम्प्रेसर घ्यायचा होता. कोटेशनं दोन, ठरवणारे चौघं: परचेसची म्हणून मी, मेंटेनन्सचे काका, प्रॉडक्शनचे साहेब आणि अकाउंट्सची ताई.

पूर्वी आम्ही दहापैकी मार्क द्यायचो. त्यात गोम अशी, की काका सातच्या वर कधी चढत नाहीत. “मॅडम, पैकीच्या पैकी द्यायला ते काय शाळेतलं पोर आहे?” साहेब आठच्या खाली उतरत नाहीत, कारण वाद वाढला की जेवण गार होतं. मग सरासरी काढायची आणि दशांश चिन्हाकडे बघत गंभीर चेहरा करायचा.

यावेळी फझी लॉजिक वापरून पाहिलं. हो, वॉशिंग मशीनच्या जाहिरातीत झळकायचं तेच. प्राध्यापक लोत्फी झादे यांनी १९६५ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मांडलेली कल्पना साधी आहे: एखादी गोष्ट ‘चांगल्या’त बसते की नाही एवढाच प्रश्न नसतो, ० (अजिबात नाही) ते १ (पूर्ण) या मापात ती ०.६ इतकीही बसू शकते. म्हणून मी मार्क मागितलेच नाहीत. पहिल्या मशीनच्या सर्व्हिसबद्दल प्रत्येकाने एक शब्द लिहायचा आणि त्या शब्दापुढे तीन आकडे: कमीत कमी, नेमका, जास्तीत जास्त.

काकांची चिठ्ठी: चालेल, ५, ७, ८. ताईची: चालेल, २, ३, ५.

“म्हणजे इतकी वर्षं मी ‘चालेल’ म्हणत होते,” ताई म्हणाली, “ते तुम्ही सगळे होकार धरत होतात?”

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

साहेबांचं ‘चांगलं’ ६, ७, ९ आणि माझं ‘बरं’ ४, ५, ६. चौघांची सरासरी ४.२५, ५.५, ७. दुसऱ्या मशीनची आली २, ६, ९. तिन्ही आकड्यांची सरासरी काढली तर पहिलं ५.५८, दुसरं ५.६७. जुन्या पद्धतीत आम्ही इथेच दुसऱ्याची ऑर्डर सोडली असती, स्वस्तही तेच होतं. पण २ ते ९? एवढा पसारा कशाचा? विचारल्यावर कळलं, चौघांपैकी एकानेही ते मशीन चालताना पाहिलेलं नव्हतं.

माणसांची मतं मी सरासरीत घेतली, निकष मात्र नाही. गणितज्ञ रिचर्ड बेलमन आणि झादे यांच्या १९७० च्या लेखात ध्येयं आणि मर्यादा एकाच पातळीवर धरून त्यांतला सर्वांत कमी अंश मोजतात. किमतीला ०.९ आणि सर्व्हिसला ०.२ असेल तर निर्णय ०.२ चाच. स्वस्ताईने सर्व्हिसचं भोक बुजत नाही. हे काकांना लगेच पटलं. साहेबांना अजून पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका गाडी काढून पलीकडच्या एका युनिटमध्ये गेले. तिथे दुसऱ्या कोटेशनमधलाच कॉम्प्रेसर होता. ऑपरेटरला विचारलं, फोन केल्यावर माणूस येतो का? “येतो की. चार दिवसांनी.” काकांनी खिशातल्या चिठ्ठीवर जुने आकडे खोडून १, २, ३ केले.

पहिलंच मशीन घेतलं, महाग असून. पीओ (खरेदीची ऑर्डर) सहीला गेली तेव्हा ताईने शेऱ्यात लिहिलं: चालेल (२, ३, ५).