भाचीसाठी चाकू घेताना

पुण्याला जाताना भेट काय न्यायची, हा प्रश्न स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्याला पडूच नये असं घरच्यांना वाटतं. चॉकलेट आहे, फार तर घड्याळ. पण इथलं चॉकलेट आता कोथरूडच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं, आणि खिशाला परवडणारं घड्याळ शोधायला गेलं तर ते बहुधा इथलं नसतंच. यंदा माझी भाची १४ वर्षांची झाली. तिने स्वतःच फोनवर सांगून टाकलं, "मावशी, मला तो लाल चाकू हवाय, तुमच्याकडचा." म्हणजे 'स्विस आर्मी नाइफ', अनेक अवजारांचा घडीचा चाकू. विषय घरच्या ग्रुपवर गेला आणि अपेक्षेप्रमाणे पेटला.

ताईचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पुण्याच्या पेपरात 'कोयता गँग' हे शब्द गेल्या काही वर्षांत इतक्यांदा आलेत, की शाळकरी मूल आणि पातं एका वाक्यात आलं की आईच्या पोटात गोळा येणारच. भावोजींनी "शाळेत सापडला तर?" एवढंच विचारलं, आणि तोच सगळ्यांत रास्त प्रश्न होता. आईने वेगळाच मुद्दा काढला: धारदार वस्तू भेट देऊ नये, नातं तुटतं. गंमत म्हणजे हे युरोपातही मानतात. चाकू घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवतो, म्हणजे भेट न राहता तो सौदा होतो. हे ऐकल्यावर आईला इकडच्या लोकांबद्दल एकदम आदर वाटू लागला.

इथे मुलांच्या खिशात चाकू असणं ही फारशी चर्चेची गोष्ट नाही. रविवारी जंगलात फिरायला गेलं की जागोजागी शेकोटीच्या जागा असतात. तिथे आठ-नऊ वर्षांची पोरं ओंडक्यावर बसून काठीला टोक काढत असतात. त्या टोकाला सॉसेज लावून भाजायचं असतं. आईबाप चार हातांवर गप्पा मारत बसलेले. पण नीट पाहिलं तर पोरांचे नियम कडक असतात. चाकू उघडायचा तो बसूनच. हात पसरला तर कोणाला लागणार नाही एवढी जागा हवी. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. उठायच्या आधी चाकू मिटायचा, आणि दुसऱ्याला द्यायचा तोही मिटूनच. आमची आजी विळी-सुरी कधी हातात देत नसे. खाली ठेवायची, मग आपण उचलायची. कारण विचारलं तर "भांडणं होतात" म्हणायची. नियम तोच, कारण निराळं.

ताईला खरं खटकत होतं ते चाकूच्या नावातलं 'आर्मी'. म्हणून तिला त्याची जन्मकथा सांगितली. १८८०च्या दशकाच्या शेवटी स्विस सैन्याने नवी रायफल घेतली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा, आणि सैनिकांच्या शिध्यात डबाबंद अन्न आलं होतं. म्हणून एक पातं, एक टोच्या, डबा उघडायचं अवजार आणि स्क्रूड्रायव्हर असा घडीचा चाकू ठरला. पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये बनवून घ्यावा लागला, कारण इथे तेवढं उत्पादन करणारं कोणी नव्हतं. इथल्याच श्वीत्सजवळच्या इबाख गावातल्या कार्ल एल्सेनरने १८८४मध्ये कारखाना काढला होता. त्याने १८९१मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. १८९७मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलकी, जास्त अवजारांची आवृत्ती नोंदवली. आज जगभर दिसतो तो लाल चाकू तिचाच वंशज. एल्सेनरने आपल्या आईच्या मृत्यूनंतर तिचं नाव, व्हिक्टोरिया, आपल्या मालाला दिलं. १९२१मध्ये न गंजणारं पोलाद वापरात आलं, तेव्हा त्याला 'इनॉक्स' जोडलं गेलं आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव झालं. थोडक्यात, सैनिकाकडे लढायला बंदूक होतीच. चाकू होता डबे आणि स्क्रू यांच्यासाठी. इथला शस्त्र कायदाही हे मानतो. असे खिशातले चाकू धोकादायक वस्तूंत धरत नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

ताई निम्मी विरघळली. मग खरी अडचण सुरू झाली, कारण दुकानातल्या काचेआड भिंतभर चाकू असतात.

नातेवाईकांच्या मते सगळ्यांत मोठा तो सगळ्यांत चांगला. स्विसचॅम्प नावाचा एक आहे, ३३ कामं करणारा, १८५ ग्रॅमचा. दिसायला जबरदस्त, पण मुलीच्या हातात ती वीट होते. महिनाभर कौतुक, मग कपाटात. मी उलटीकडून निघाले. भाचीचे हात दिवसभर काय करतात? ती सायकल स्वतः दुरुस्त करते, घरातल्या रिमोटपासून पंख्यापर्यंत जे खोलता येईल ते खोलते, आणि पावसाळ्यात ग्रुपबरोबर राजगड-तोरण्याला जाते. म्हणजे तिला फुलीच्या टोकाचा, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर हवाच. नेहमीच्या लाल चाकूंत त्या जागी वाइनचं बूच काढायचा कॉर्कस्क्रू असतो; १४ वर्षांच्या मुलीला तो देऊन मी काय सुचवणार होते? कात्री हवीच, कारण अशा चाकूत पात्याखालोखाल तीच वापरली जाते: बँडेज, दोरा, हाताने न फाटणारी शेवेची पिशवी. करवत हवी का, यावर मात्र मी बराच वेळ घालवला. इथल्या जंगलात ती कामाची आहे. पण सह्याद्रीत कापणार काय? करवत हातात असली की झाडाकडे हात जातोच, आणि गडावरच्या झाडाला तो जायलाच नको. करवत बाद.

लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेलही पाहिला. १८९०पासूनचा, साधा, देखणा, आणि पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी असल्यामुळे लाकूड कोरायला जास्त भरवशाचा. धाकट्या मुलांसाठी त्याचा गोल टोकाचा प्रकारही मिळतो. पण ओलीत लाकूड फुगतं आणि पातं मुठीत घट्ट बसतं, हे मी इथल्या पावसातच पाहिलंय. तोरण्यावरच्या जुलैत तर तो उघडायला दुसरा चाकू लागेल. एका हाताने झटकन उघडणारे, काळ्या पात्याचे, 'टॅक्टिकल' म्हणून विकले जाणारे चाकू तर मी हातातही धरले नाहीत. ते पाहिल्यावर पोलिसाच्या मनात जे येईल तेच ताईच्याही मनात आलं असतं.

शेवटी 'सुपर टिंकर' घेतला. दोन पाती, कात्री, पाठीवर फिलिप्स, मिटल्यावर ९१ मिलिमीटर. काउंटरवरच्या बाईंनी प्रत्येक अवजार उघडून दाखवलं. नवीन असताना ते इतकं घट्ट असतं की नखाच्या खाचेत नख घालून ओढताना नखच मोडेलसं वाटतं. एक गोष्ट त्यांनी आवर्जून दाखवली: या चाकूला कुलूप नाही. पातं फक्त स्प्रिंगने उभं राहतं. म्हणून टोच्याने भोक पाडताना जोर तिरका गेला, तर तो मिटून बोटांवर येतो. दाब सरळ, बोटं मागे.

पुण्यात तो कुठे न्यायचा, यावर भावोजींनी आणि मी एक मसुदा केला. भारताच्या शस्त्र नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती कामाच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. हे पातं त्याच्या जवळपासही नाही. पण पुण्यात पोलीस वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, आणि त्यात सुरे-चाकूही असतात. तेव्हा रस्त्यावरच्या हवालदाराशी इंचांवर वाद घालणं हे १४ वर्षांच्या मुलीचं काम नाही. शाळा, क्लास, मेट्रो, मॉल आणि गणपतीची गर्दी इथे चाकू घरी. ट्रेकला सॅकच्या आतल्या कप्प्यात, खिशात नाही. विमानातही तो चेक-इन बॅगेतच. माझ्या पर्समध्ये विसरला असता तर सिक्युरिटीच्या डब्यातच गेला असता.

सदाशिव पेठेतल्या आईच्या घरी भाचीने माझ्या हातावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं आणि चाकू घेतला. पहिलं काम आईनेच काढलं: कुकरची मूठ कधीची सैल होती. भाचीने फिलिप्स उघडला, चाकू आडवा धरला, स्क्रूवर टेकवला आणि सगळा तळहात लावून पिळला. स्क्रू बसला. आई म्हणाली, "हा खंडेनवमीला पूजेत ठेवायचा हं." ताई काही बोलली नाही, पण चष्म्याच्या काडीचा स्क्रू दाखवायला आली.

आता देखभालीचं, कारण हे कोणी सांगत नाही. आंबा किंवा लिंबू कापलं की चाकू सगळा उघडून कोमट पाण्यात हलवायचा, सांध्यातला चिकटपणा काढायचा आणि पूर्ण वाळवून मगच मिटायचा. न गंजणारं पोलादही ओलं मिटून ठेवलं की डाग धरतं. सांध्यात एकच थेंब तेल, शिलाई मशीनचं चालतं. पात्यावरचं पुसून मगच फळ कापायचं. खोबरेल नको, ते साचून चिकट होतं. बोथट झाला की तसाच वापरू नये, कारण बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोरातच ते निसटतं. घरी बारीक दगडावर हलक्या हाताने दहा मिनिटं पुरतात. सायकलवर चाक घेऊन गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे मात्र तो देऊ नका. ठिणग्या उडवत एवढंसं पातं दोन वर्षांत अर्धं होईल. त्याच्यासाठी ताईची विळी आहेच.