गवती चहाचं व्हिनेगर

पावसाळ्यात कुंडीतला गवती चहा एवढा माजतो की चहात घालून घालून किती घालणार, म्हणून मी त्याचं व्हिनेगर करते, आणि खरं सांगते, काकडीच्या कोशिंबिरीत मला आता लिंबापेक्षा हेच आवडतं, कारण लिंबू पिळून थोडा वेळ ठेवलं की कडवट लागतं, हे नाही लागत.

आधी बाटलीचं लेबल वाचा प्लीज. स्वस्तातल्या पांढऱ्या बाटलीवर बऱ्याचदा सिंथेटिक लिहिलेलं असतं, म्हणजे पाण्यात कालवलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, नुसता नाकात जाणारा झणका, चव काहीच नाही. आंबवून केलेलं घ्या, उसाचं, सफरचंदाचं, गोव्याहून कोणी येणार असेल तर माडीचं मागवा, त्याला तोड नाही. आपल्याकडे ३.७५ टक्के आम्लता असली तरी विकता येतं, पण पाला मुरवायचा तर ५ टक्केवालंच शोधा, पाल्यातलं पाणी उतरून ते पातळ होतंच.

पाती नीट धुवायची, फडक्यावर पसरून अगदी खडखडीत कोरडी करायची, यात घाई नको. अर्धा लिटरला चार-पाच काड्या, खालचा पांढरा भाग जरा ठेचून, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलेल्या गरम काचेच्या बरणीत टाकायच्या आणि वरून व्हिनेगर, स्टीलच्या पातेल्यात उकळी यायच्या आधी उतरवलेलं. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ अजिबात नको, झाकणही प्लॅस्टिकचं, पत्र्याचं गंजतं. अंधाऱ्या कपाटात तीन-चार आठवडे, मधे चाखत राहा, मग गाळून फ्रीजमध्ये. दोन-तीन महिने छान राहतं, फेस किंवा बुरशी दिसली तर सरळ ओतून द्या.

सब्जाच्या पानांचंही असंच करा, इटालियन बेसिल म्हणून महाग विकतात ते याच जातीचं झाड आहे हो, आपल्याकडे फक्त बी फालुद्यात जातं आणि पानांकडे कोणी बघत नाही! लसूणही चालतो, पण व्हिनेगरमध्येच, तेलात कच्चा लसूण घालून ओट्यावर ठेवू नका, तेलात आम्ल नसतं आणि बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा, धोका खरा आहे.

मोड आलेल्या मुगावर तीन चमचे शेंगदाणा तेल, एक चमचा हे, मीठ, मिरची, झालं. तळलेल्या बांगड्यासोबत पातळ चिरलेला कांदा यात अर्धा तास, चिमूटभर साखर घालून. दह्याच्या कोशिंबिरीत मात्र घालू नका, वास पार दबून जातो.