सिंधू खोटं का बोलली

काल गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकाचा प्रयोग पाहिला, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. फौजदार समोर उभा आहे आणि दारुड्या सुधाकराची बायको सिंधू सांगते की मी आपली आपण पडले, मला लागलं. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या आजी समाधानाने म्हणाल्या, "शहाणी ग बाई!" तिथून जो राग आलाय तो सकाळी पोळ्या लाटतानाही उतरला नव्हता.

शहाणी कसली? बाळ नवऱ्याच्या हातून गेलंय, स्वतःचं डोकं फुटलंय, घटका दोन घटकांची सोबती आहे, आणि उरलेला श्वास खर्च करते त्याला वाचवायला. काकूही म्हणायची, मोरीत पाय घसरला. तेव्हा आमच्या आजीने नेमकं हेच म्हटलं होतं. जाऊ दे, ते आज नको.

सुधाकराला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाचा मला राग येत नाही, हेही छळतंय. सगळं थिएटर त्याच्यावर खूश होतं, मीही हसत होते. तो जबरदस्ती कुठे करतो? भरकोर्टात अपमान झालेला, सनद गेलेली, तोंड दाखवायला जागा नाही अशा मानी वकील सुधाकरापुढे पेला धरतो, एवढंच. पुढे तळीराम खाटेला खिळतो, उशाशी डॉक्टर आणि वैद्य भांडतात, तरी सुधाकराचा पेला रिकामा राहत नाही. मग दुष्ट कोण? मधे सुधाकर दारू सोडतो, नोकरी मागत हिंडतो, आणि स्वच्छ कपड्यांतली सभ्य माणसं त्याला दारातूनच वाटेला लावतात. कालच्या नटाने तिथे नुसती टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. त्या प्रसंगाला कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही. मला तर तळीरामापेक्षा ती माणसं जास्त वाईट वाटतात. सुधाकराचा मित्र रामलालसुद्धा, एवढा सज्जन, सुधाकराच्या विधवा बहिणीच्या, शरदच्या बाबतीत त्याचं मन कुठे घसरतं ते गडकऱ्यांनी लपवलेलं नाही.

सगळ्यांच्या चांगुलपणाला कुठेतरी डाग आहे. एकट्या सिंधूला नाही. आणि मला राग येतो तो तिचाच!

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तली डेस्डिमोनाही असंच करते. नवऱ्याने, ऑथेल्लोने, गळा दाबलाय, आणि हे कुणी केलं विचारल्यावर ती म्हणते, कुणी नाही, माझं मीच. पण तिथे इमिलिया आहे. ऑथेल्लोचे कान भरणाऱ्या खुद्द इयागोची बायको, ती ते खोटं टिकू देत नाही, सगळ्यांसमोर ओरडून खरं सांगते आणि नवऱ्याच्या हातून मरते. देवलांनी 1890 साली 'झुंजारराव'मधून ते नाटक मराठीत आणलं होतं, म्हणजे आपल्या रंगभूमीला ती बाई ठाऊक होती. मग सिंधूला इमिलिया का नाही? तळीरामाची बायको गीता आहे, चांगली फटकळ आहे, पण तिचं तोंड गडकऱ्यांनी हशासाठीच जास्त वापरलं. फार वाईट वाटतं याचं.

बाकीचे रडून मोकळे झाले, घरी जाऊन जेवले असतील. मलाच का हे असं अडकून बसतं? सकाळी ह्यांना सांगायला गेले तर म्हणाले, नाटक आहे ते.

दुपारी जरा शांतपणे विचार केला. पहिला प्रयोग 1919 सालचा, बडोद्यात. गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता, त्यांनी आपली सिंधू रंगमंचावर पाहिलीच नाही. सिंधू झालेले बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यात जात्यावर बसले, लोक ढसाढसा रडले. त्या काळच्या सिंधूने खरं सांगितलं असतं तर तिला काय मिळणार होतं? बाळ परत येणार नव्हतं. नवरा फासावर, आणि तीही उद्या नाहीच. घर गेलं, दागिने गेले, भावाची मदतही घेता येत नव्हती. हातात उरला होता फक्त शब्द. तो तिने तिच्या मनाप्रमाणे वापरला. मला पटत नाही, आजही नाही. पण तो तिचा होता, हे मान्य करायला हवं. काकूचाही होता बहुतेक.

रविवारी पुन्हा प्रयोग आहे. नलूला घेऊन जाणार आहे. ती सिंधूच्या बाजूने बोलणार हे मला आत्ताच माहीत आहे, आणि परतताना रिक्षात आम्ही कडाकडा भांडणार. भांडू दे. मला ऐकायचंय तिच्याकडून.