निळा न दिसणारा निळा चंद्र

एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसऱ्या पौर्णिमेच्या चंद्राला 'ब्लू मून' म्हणतात, हे बहुतेकांना माहीत असते. मात्र ही व्याख्या एका चुकीतून जन्मली हे मला फार उशिरा कळले, आणि तेव्हापासून या नावाविषयीचे माझे कुतूहल वाढतच गेले आहे.

मूळ हिशेब ऋतूंचा होता. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी 29.53 दिवस जातात, म्हणजे बारा पौर्णिमा सुमारे 354 दिवसांत आटोपतात आणि सौरवर्षाचे अकरा दिवस उरतात. हे दिवस साठत गेले की दोन-तीन वर्षांनी एखाद्या ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा येतात. अमेरिकेतील 'मेन फार्मर्स अल्मनॅक' या शेतकऱ्यांच्या पंचांगात अशा चारांपैकी तिसरीला 'ब्लू मून' म्हणत, जेणेकरून ऋतूच्या शेवटच्या पौर्णिमेचे ठरलेले नाव तिच्याकडेच राहावे. 1946 साली जेम्स ह्यू प्रुएट यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात याचा अर्थ 'महिन्यातील दुसरी पौर्णिमा' असा लावला. मासिकाने 1999 मध्ये ही चूक मान्य केली, पण तोवर सोपी व्याख्या सर्वत्र रुळली होती. मला जुनीच अधिक पटते, कारण ऋतू सूर्याच्या स्थितीवरून ठरतात आणि महिन्यांची लांबी माणसांनी ठरवली आहे. 2018 च्या फेब्रुवारीत एकही पौर्णिमा नव्हती, तर जानेवारी आणि मार्चमध्ये दोन-दोन होत्या, त्या केवळ या लांबीमुळे.

'सुपरमून' हा शब्द 1979 साली रिचर्ड नोल या ज्योतिषाने रूढ केला. चंद्र कक्षेत पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी असताना पौर्णिमा आली की सर्वांत दूरच्या पौर्णिमेपेक्षा त्याचा व्यास सुमारे 14 टक्क्यांनी मोठा दिसतो. दोन्ही चंद्र शेजारी ठेवून पाहता येत नसल्याने नुसत्या डोळ्यांना तो फरक सहसा जाणवत नाही.

चंद्र खरोखर निळा दिसल्याच्याही नोंदी आहेत. सप्टेंबर 1950 मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून ब्रिटनवर पोहोचला आणि तेथील लोकांनी निळा चंद्र पाहिला. सुमारे एक मायक्रॉन आकाराचे, जवळपास सारखेच कण हवेत दाटले की ते तांबडा प्रकाश अधिक विखुरतात आणि निळा आपल्यापर्यंत येऊ देतात. त्यासाठी महिन्यातली दुसरी पौर्णिमा लागत नाही, ऋतूतली तिसरीही लागत नाही.